तुमची लेक जिथं, माझी तिथं

मे महिन्यात शिक्षक लोक काय करतात असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. "मजा आहे बुवा तुमची, दीड महिना सुट्टी," म्हणणाऱ्यानं एकदा माझ्याबरोबर यावं. दुपारी बारा वाजता, लातूरच्या उन्हात, तोंडाला ओढणी गुंडाळून, खेळाच्या सरांच्या मोटारसायकलवर मागं बसून आम्ही गावोगाव हिंडतो. कशासाठी? पोरं मिळवायला. सातवी पास झालेलं लेकरू ज्या घरात आहे त्या घरात जायचं, पाणी प्यायचं, म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी करायची आणि मग हळूच विषय काढायचा, "औंदा आमच्या शाळेत टाका की." स्थळ बघायला गेल्यासारखंच सगळं, फक्त पोहे मिळत नाहीत.

मुरुडच्या पुढं एका गावात आमचं हायस्कूल आहे. तिथं मी विज्ञान शिकवते. राहते लातूरला, एसटीनं जाऊन-येऊन करते. शाळा अनुदानित, आठवी ते दहावी, सगळं मराठीतून. आजूबाजूच्या शाळांनी पाटीवर 'सेमी इंग्रजी' लिहून घेतलं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हातारे आणि हट्टी. ते म्हणतात, "गणित असो का विज्ञान, माझ्या शाळेत ते लेकराच्या तोंडच्या भाषेतच होईल." टाळ्या वाजवायला फार छान वाक्य आहे. पण पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि अतिरिक्त ठरलेल्याला जिथं जागा असेल तिथं पाठवतात. आमच्या चित्रकलेच्या सरांना किनवटकडं पाठवलं. बायको-लेकरं लातुरात, आणि हा बाबा तिकडं रानातल्या गावात खोली करून एकटा भाकरी थापतोय. विज्ञानाला आमच्याकडं आम्ही दोघं, त्यात मी नोकरीत मागाहून लागलेली. म्हणजे पाळी आली तर माझीच.

त्या वर्षी आठवीला ठरलेल्या आकड्यापेक्षा दोन मुलं कमी पडत होती. मुख्याध्यापक रोज सकाळी फोन करायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ "मॅडम, किती?" मी म्हणायची, "बघायलो सर." आणि फोन ठेवून एकटीच चिडचिड करायची, की मी शिकवायला बी.एड. केलं होतं का पोरं गोळा करायला?

अशाच एका दुपारी आम्ही शेजारच्या गावात पिठाच्या गिरणीपाशी थांबलो. गिरणी एक बाई चालवत होती. नवरा ट्रॅक्टरवर असायचा, गिरणीचा सगळा कारभार हिच्याकडं. भुवया, पापण्या पिठानं पांढऱ्या झालेल्या. तिची मुलगी सातवीपर्यंत गावाबाहेरच्या इंग्रजी शाळेत पिवळ्या गाडीनं जात होती. आम्हाला कळलं होतं की पोरीचं तिथं काही खरं नाही. नापास होत नव्हती, पण तोंडच उघडत नव्हती. शाळेचं नाव काढलं की तिच्या पोटात दुखायचं.

गिरणीच्या आवाजात आमचं भाषण ओरडून करावं लागलं. मातृभाषेत शिकलेलं डोक्यात बसतं, पाठांतर लागत नाही, प्रयोग हातानं करायला मिळतात, असं सगळं. बाई ऐकत होती का नव्हती कोण जाणे. पायलीनं ज्वारी ओतत होती. मध्येच तिनं बटण दाबून गिरणी बंद केली. पट्टा फडफड करत थांबला. मग पदरानं तोंड पुसून ती माझ्याकडं वळली.

"मॅडम, एकच इचारते. तुमची लेकरं कोन्त्या शाळेत हायत?"

खेळाचे सर एकदम बुटाची नाडी बांधायला वाकले. त्यांना माहीत होतं. माझी एकुलती एक लेक लातूरला इंग्रजी शाळेत, पार नर्सरीपासून. तीही तेव्हा सातवीतून आठवीत गेलेली.

आणि मी म्हणाले, "आमच्याच शाळेत आहे की. यंदा आठवीला."

कुठून आलं तोंडात, देव जाणे. ठरवून नव्हतं आलं. उन्हानं डोकं तापलं होतं, सकाळचा "किती?" कानात होता आणि ती बाई अशी बघत होती की खरं सांगितलं असतं तर तिनं परत गिरणीच सुरू केली असती. तिनं जरा वेळ माझ्याकडं पाहिलं. मग हसली. पिठातून दात दिसले.

"मग झालं तर. तुमची लेक जिथं, माझी तिथं. उद्या दाखला काढून आनते."

परतीच्या वाटेवर सरांनी गाडी उगाच जोरात पळवली. मग म्हणाले, "मॅडम, ह्ये लई झालं." मी म्हणाले, "तुम्ही गाडी बघून चालवा." तेवढ्यावर विषय मिटला, पण मनात काही मिटला नाही. दुसऱ्या दिवशी बाई खरंच दाखला घेऊन आली, आणि तिच्या मागोमाग गल्लीतली आणखी एक पोरगी. पट भरला. सकाळचे फोन बंद झाले.

आता तुम्ही म्हणाल, एवढं मराठीचं गुणगान गाणारी बाई, मग स्वतःची लेक इंग्रजीत का? विचारा, खुशाल विचारा. मी स्वतः नांदेडला मराठी शाळेत शिकले. दहावीला विज्ञानात पहिली. शाळेत प्रयोगाचं कुणी काही विचारलं की सर म्हणायचे, "हिला विचारा." आणि कॉलेजात अकरावीला गेले तर सगळं इंग्रजीतून. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला उभं करून काहीतरी विचारलं. मला प्रश्नच कळला नाही. उत्तर येत होतं हो! घरी जाऊन पुस्तक लावून बघितलं तर नववीपासून मला पाठ असलेली गोष्ट होती ती. पण वर्गात मी खाली मान घालून उभी, आणि मागून कुणीतरी हसलं. त्यानंतर दोन वर्षं मी शेवटच्या बाकावर बसले आणि एकही प्रश्न विचारला नाही. डॉक्टर व्हायचं होतं मला. ते तिथंच राहिलं. रागानं नव्हे, भीतीनं मी माझी लेक इंग्रजी शाळेत घातली. तिला तरी कुणी हसू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

जूनमध्ये गिरणीवालीची लेक आली. दुसऱ्या बाकावर बसली आणि शेजारी दप्तर ठेवून जागा धरली. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. "मॅडम, तुमची मुलगी?"

"नांदेडला गेलीय, मामाकडं. येईल."

पुढच्या आठवड्यात "ताप आलाय." त्याच्या पुढच्या आठवड्यात मी विषयच बदलला. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण पोट असतं बरं का, रोज काहीतरी घालावं लागतं त्यात. गाव केवढं, लोक केवढे! पंधरा-वीस दिवसांत पोरांनी तिला सांगून टाकलं असणार, की मॅडमची पोरगी लातूरला टाय लावून शाळेत जाते. तिनं दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि शेजारी दुसरी मुलगी बसली. मला एका शब्दानं विचारलं नाही.

मी मात्र रोज वाट बघत होते, की आज आई येऊन उभी राहील आणि सगळ्या स्टाफसमोर माझी खरडपट्टी काढेल. गेटपाशी कुणाची साडी दिसली की माझ्या हातातला खडू थांबायचा. आई आली नाही. आला डबा. एका सोमवारी शाळा सुटल्यावर पोरीनं माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेले धपाटे ठेवले, वर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी.

"आईनं दिलंय. तुमच्या मुलीला."

मी म्हटलं, "तुला माहीत आहे ना गं?"

"हाव."

"मग आईला सांगितलं नाहीस?"

तिनं मागं वळून दार बघितलं. मग एका दमात बोलली, "न्हाई. सांगू पन नका मॅडम. मी घरी सांगते, ती माझ्याजवळ बसती, आमी मैत्रिणी हाव. गल्लीतल्या पोरीला बी शपथ घातलीय. आईला कळलं तर ती म्हनेल, मॅडमलाच भरवसा न्हाई त्या शाळेचा, अन् परत तिकडं घालेल मला. मला तिकडं न्हाई जायचं. हितं मला समजतंय."

'हितं मला समजतंय.' एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुणी माझं असं कौतुक केलं नव्हतं आणि कुठल्याही वाक्याची मला इतकी लाजही वाटली नव्हती. तेरा वर्षांची पोर माझं खोटं रोज संध्याकाळी घरी नेऊन जपत होती. आणि मी काय केलं? "बरं, नाही सांगत," म्हणाले आणि धपाटे पर्समध्ये टाकले. लेकीनं घरी ते दह्याबरोबर मिटक्या मारत खाल्ले. "मम्मी, कुणी दिले?" म्हणून विचारलं. मी सांगितलं, शाळेतल्या एका बाईनं. मग काय, दर सोमवारी धपाटे. मी नको म्हणू शकत नव्हते, कारण नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

आणि पोर कशी फुलली म्हणता! पहिल्या घटक चाचणीत साधारण, दुसरीत वर्गात तिसरी. पण मार्कांचं सोडा. तिला "का?" विचारायची खोडच लागली. पाणी उकळताना बुडबुडे खालूनच का येतात? आरशात उजवं-डावं बदलतं, मग वर-खाली का बदलत नाही? कधी कधी मला सुद्धा घरी जाऊन पुस्तक काढावं लागायचं. मी ओरडायची, "अगं बाई, अभ्यासक्रम पुरा होऊ देशील का नाही?" पण आतून मला उकळ्या फुटत होत्या. आणि घरी आल्यावर माझी स्वतःची लेक दिसायची. उत्तरांच्या खाली रेघा मारून डोळे मिटून घोकत बसलेली. विज्ञानात तिला कायम नव्वदच्या वर. मी एकदा तिला म्हटलं, "हे जे पाठ केलंस ते मला सांग बरं तुझ्या शब्दात." ती म्हणाली, "माझ्या शब्दात म्हणजे? मॅम असंच लिहायला सांगतात." मी तिची वही मिटून ठेवली. मनात म्हटलं, अकरावीला कुणी हसणार तर नाही.

जानेवारीत शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं. पालकांना निमंत्रणं गेली. दोन दिवस आधी गिरणीवालीची लेक रडकुंडीला येऊन सांगू लागली, "मॅडम, आई येनार हाय. म्हनती, तुमची दोघींची जोडी बगायचीय."

मी स्टाफरूममध्ये डोकं धरून बसले. खेळाचे सर चहा पीत होते. त्यांनी शांतपणे तोडगा काढला, "मॅडम, शनिवार हाय. तुमच्या पोरीला सुट्टी. आपला ड्रेस घाला अन् आना. येका दिवसाचा तर प्रश्न हाय." आमच्या धंद्यात हे काही नवीन नाही. तपासणीला साहेब आले की इकडची पोरं तिकडं बसवायचे दिवस जुन्या मंडळींनी बघितलेले आहेत. सरांनी कपाटातून कोरा निळा ड्रेस आणि पांढरी ओढणी काढून माझ्या पिशवीत घातली. आणि मी नेली हो ती पिशवी घरी. दुसरा काही मार्ग सुचलाच नाही.

लेकीला सगळं खरं सांगावं लागलं. मला वाटलं ती भडकेल, माझ्यासारखीच तापट आहे. ती म्हणाली, "म्हणजे ते धपाटे मी फुकट खाल्ले?" मग ड्रेस अंगाला लावून आरशात बघितलं. "एक दिवस ना? येते."

प्रदर्शनात गिरणीवालीच्या लेकीनं आईच्या गिरणीचाच नमुना केला होता. डब्यांची दोन झाकणं, एक लहान, एक मोठं, खिळ्यांवर बसवलेली, आणि दोन्हींवरून सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा. झाकणांवर नेलपेंटचा एकेक ठिपका. मोठं झाकण एकदा फिरवलं की लहान तीनदा फिरायचं. माझी लेक तिच्या शेजारी उभी राहिली, पाहुणीसारखी, हात मागं बांधून. पहिल्याच पालकानं नेमकं हिलाच विचारलं, "का गं, ल्हानगं कामून जास्त फिरतंय?" हिनं घडाघडा इंग्रजीतली व्याख्या म्हटली. रेशो, सर्कमफरन्स, सगळं बरोबर होतं. त्या माणसानं मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडं गेला. लेकीचा चेहरा उतरला.

तेव्हा ती दुसरी म्हणाली, "तसं नको. हे बघ. ह्या पट्ट्यावर बोट ठेव. पट्टा जेवढा मोठ्यावरून सरकतो, तेवढाच ल्हान्यावरून सरकला पाहिजे ना? तुटलाय का कुठं? न्हाई. मग मोठ्याची एक फेरी होईपर्यंत ल्हान्याला तेवढा पट्टा पुरवायला किती पळावं लागंल?"

माझी लेक बोटानं पट्टा सरकवत राहिली. एकदा, दोनदा. मग एकदम ओरडली, "अरे! म्हणून होय!" एवढ्या मोठ्यानं की दोन टेबलं सोडून उभे असलेले मुख्याध्यापक वळून बघायला लागले. हा शब्द, 'म्हणून होय', मी माझ्या वर्गात शेकडो वेळा ऐकलाय. माझ्या लेकीच्या तोंडून मी तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पुढचे दोन तास ती त्या टेबलावरून हलली नाही. येईल त्याला पकडून समजावत होती, मध्येच शब्द अडला की दुसरी पुरवायची. मी लांबून बघत होते. काय वाटलं ते सांगते, आनंद झाला आणि त्याच वेळी स्वतःचीच चीड आली.

बाई अकराला आली. त्या दिवशी भुवया काळ्या होत्या, नवी साडी होती. तिनं दोघींच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "बहिनीवानी दिसायल्यात बगा," म्हणाली. मग माझा हात धरून, अगदी जवळ येऊन, "मॅडम, तुमच्यामुळं लेकरू वाचलं माझं." त्या वेळी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

परतीच्या एसटीत लेक खिडकीशी बसली होती. मुरुडपर्यंत काचेवर बोटानं एक मोठं, एक लहान वर्तुळ गिरवत होती. मग म्हणाली, "मम्मी, मला जूनपासून हितंच यायचंय. नववीला."

मी म्हणाले, "वेडी आहेस का? अकरावी-बारावीला काय करशील? लातुरात सगळे क्लास इंग्रजीत. दोन वर्षांत शब्द बदलायचे म्हणजे जीव जातो माणसाचा. मी भोगलंय."

"ती पण डॉक्टर व्हायचं म्हणते. मला सांगितलं तिनं."

"मग?"

"मग तिचं काय होईल अकरावीला?"

माझ्यापाशी दोन उत्तरं होती, आणि दोन्ही मला गोत्यात आणणारी. तिचं नीट होईल म्हणावं, तर माझ्या लेकीचं का नाही होणार? नीट होणार नाही म्हणावं, तर मग मी ती पोर आणलीच कशी? मी म्हटलं, "तुला काय करायचंय, आपलं बघ." बोलले आणि माझीच मला किळस आली.

त्या प्रश्नानं माझी झोपच उडवली. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर एकटीच गिरणीवर गेले. गिरणी बंदच होती, लाइट गेलेली. बाई पोत्यावर बसून जाळी साफ करत होती, लेक शेजारी. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. माझी मुलगी तुमच्या मुलीजवळ एकच दिवस बसली, तोही उसन्या ड्रेसमध्ये, हेही सांगितलं. पोरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मला वाटलं बाई शिव्या घालेल. शिव्या परवडल्या असत्या. तिनं जाळी खाली ठेवली. लेकीकडं पाहून म्हणाली, "तुला ठावं होतं?" पोरीनं मान हलवली. मग माझ्याकडं.

"आता खरं सांगा मॅडम. तुमची शाळा सोडा, नोकरी सोडा. ठिवू का काढू हिला?"

"ठेवा," मी म्हणाले. "देवाशपथ सांगते, ठेवा. तिच्याएवढं माझ्या वर्गात कुणाला समजत नाही."

"चांगली हाय न्हवं शाळा?"

"चांगली आहे."

"मग तुमची बी आना." आवाज चढवला नाही, काही नाही. "जूनला तुमची लेक आली तर माझी येती. न्हाई आली, तर तुमाला जे ठावं हाय ते मला बी कळलं म्हनायचं. मी अडानी हाय, मॅडम. मला पुस्तकातलं कळत न्हाई. मी तुमच्याकडं बगून चालनार."

काय चूक होतं त्यात? मी आजही शोधतेय, एक शब्द चुकीचा सापडत नाही.

घरी मी ठरवलं, लेकीला आणायचंच. नवऱ्याला सांगितलं, त्यांनी "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" एवढंच विचारून टीव्ही लावला. तरी मे महिन्यात मी लेकीच्या शाळेत गेले, दाखल्यासाठी अर्ज मागितला. खिडकीतल्या क्लार्कनं कागद सरकवला. नाव, इयत्ता भरलं. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. त्यानं विचारलं, "मॅडम, कुठली शाळा?" मी गावाचं नाव सांगितलं. तो हसला. "तुम्ही तिथंच शिकवता ना? मग तर तुम्हाला सगळं माहीतच असेल."

साधंच बोलला बिचारा. पण मला त्या खिडकीपाशी नांदेडचा तो वर्ग दिसला, मी उभी, मान खाली, आणि मागं कुणीतरी हसतंय. फरक एवढाच की उभी मी नव्हते, माझी लेक होती. मी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. "उद्या येते," म्हणाले. गेले नाही.

लेक रोज विचारायची, "झालं का माझं?" एक दिवस मी भाजी निवडता निवडता, तिच्याकडं न बघता सांगितलं, "अगं, यंदा आमच्याकडं जागाच नाही. पट भरलाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. जी पोर लहानपणापासून दर मे महिन्यात आपल्या आईला उन्हातान्हात एकेका पोरासाठी वणवण करताना बघत आली, तिला मी हे सांगत होते. सकाळीच मुख्याध्यापकांचा फोन तिनंच उचलून मला दिला होता, "मॅडम, किती?" तिला वाद घालता आला असता. तिनं "बरं" म्हटलं आणि उठून गेली.

जूनमध्ये शाळा भरली. नववीची हजेरी घेताना एका नावापाशी मी थांबले, दोनदा हाक मारली. कुणीतरी मागून म्हणालं, "मॅडम, तिनं दाखला नेला." नंतर शाळेसमोरच्या रस्त्यावरून पिवळी गाडी गेली. खिडकीत ती होती, टाय लावलेली. तिनं मला पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं नेहमीसारखी मान लववून नमस्कार केला आणि गाडी वळणावरून गेली.

संध्याकाळी घरी आले तर लेक दारातच उभी. चप्पल काढायच्या आत तिनं विचारलं, "ती आली का गं?"

मी म्हणाले, "आली."

मी आत जाऊन कुकर लावला.